जुन्या गाडीचं इंजिन तापतं तेव्हा ऑइलचं काय होतं: नव्या मालकांसाठी मार्गदर्शक

पंधरा-वीस वर्षं जुनी मारुती ८००, ऑम्नी, सुमो किंवा बोलेरो घेतलीत की पहिल्याच उन्हाळ्यात नजर टेंपरेचरच्या काट्यावर खिळते. काटा मधोमध आहे ना, मग सगळं ठीक, असं बहुतेक जण धरून चालतात. पण तो काटा कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं, तापमान दाखवतो. ऑइलचं तापमान दाखवणारा काटा या गाड्यांना नसतोच. घाट चढताना कूलंट नव्वदच्या आसपास थांबलेलं असतं आणि त्याच वेळी चेंबरमधलं, म्हणजे इंजिनच्या तळाच्या टाकीतलं, ऑइल ११०-१२० डिग्रीच्या पुढे गेलेलं असू शकतं. कूलंटला रेडिएटर आहे, पंखा आहे, तापमानाप्रमाणे त्याची वाट उघडणारा-मिटणारा थर्मोस्टॅट आहे. साध्या जुन्या गाडीत ऑइलला थंड व्हायला चेंबरच्या पत्र्याला लागणारा वारा, एवढाच मुख्य आधार.

त्यामुळे जुनी गाडी सांभाळायची तर ऑइलची तब्येत काट्याऐवजी दुसऱ्या खुणांवरून ओळखावी लागते. त्या खुणा कोणत्या आणि दिसल्यावर काय करायचं, ते क्रमाने सांगतो.

आधी थोडं समजून घ्या

ऑइलचं काम फक्त वंगणाचं आहे असं समजू नका. पिस्टनचा खालचा भाग, क्रँकची बेअरिंगं, कॅमशाफ्ट या जागांपर्यंत कूलंट पोहोचत नाही. तिथली उष्णता ऑइलच घेऊन येतं. पिस्टनच्या वरच्या रिंगजवळ तापमान २०० डिग्रीच्या पुढे असतं आणि ऑइलचा पातळ थर तिथेही टिकून राहावा लागतो.

उष्णता वाढली की पहिली गोष्ट लगेच घडते: ऑइल पातळ होतं. १५डब्ल्यू-४० ऑइलचा दाटपणा, म्हणजे व्हिस्कोसिटी, १०० डिग्रीला १४ सेंटिस्टोकच्या (दाटपणा मोजायचं एकक) आसपास असते. तेच ऑइल १३० डिग्रीला गेलं की ती साधारण निम्म्यावर येते. नव्या इंजिनात फटी बारीक असतात, त्यामुळे तेवढ्यावर निभावतं. लाखभर किलोमीटर पळालेल्या इंजिनात बेअरिंगच्या फटी वाढलेल्या असतात, ऑइल पंपही झिजलेला असतो. पातळ झालेलं ऑइल त्या फटींतून भराभर निसटतं आणि प्रेशर पडतं.

दुसरी गोष्ट हळूहळू घडते आणि ती परत फिरत नाही. गाडी थंड झाली की पातळ झालेलं ऑइल पुन्हा दाट होतं, पण जळालेलं ऑइल पुन्हा ताजं होत नाही. गरम ऑइल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतं. ढोबळ नियम असा, की तापमान दर दहा डिग्रीने वाढलं की हा वेग दुप्पट होतो. म्हणजे १०० डिग्रीवर जे ऑइल निवांत टिकलं असतं, ते १२० वर साधारण चौपट वेगाने खराब होतं. त्यातून आम्लं तयार होतात, आतल्या भागांवर तपकिरी लुकण चढतं आणि पुढे त्याचा काळा गाळ होतो. हा गाळ रिंगांच्या खाचांत बसला की रिंगा चिकटतात. मग गाडी ऑइल खायला लागते, बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे रिंगांच्या बाजूने खाली चेंबरमध्ये निसटणारे जळके वायू, वाढतं, ते गरम वायू पुन्हा ऑइलमध्येच शिरतात आणि ऑइल आणखी लवकर खराब होतं. जुन्या गाडीत हे चक्र एकदा सुरू झालं की आपोआप थांबत नाही.

याशिवाय ऑइलमधला हलका अंश उडून जातो. लेव्हल कमी होते आणि उरलेलं ऑइल घट्ट होतं. साध्या मिनरल ऑइलमध्ये हे सिंथेटिकपेक्षा जास्त होतं. उष्णतेने व्हॉल्व्हची ऑइल सीलं आणि टॅपेट कव्हरचं गॅस्केटही कडक होतं. सकाळी सुरू करताना निळा धूर आणि इंजिनच्या बाजूला ऑइलचे ओघळ दिसतात ते त्यामुळे.

पायरी १: डिपस्टिक वाचायला शिका

डिपस्टिक म्हणजे ऑइलची लेव्हल मोजायची पट्टी. या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करा आणि पाच-दहा मिनिटं थांबा, म्हणजे वर गेलेलं ऑइल चेंबरमध्ये उतरतं. ऑम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असल्यामुळे सीट उचलावी लागते, आणि या त्रासापायी ऑम्नीवाले ऑइल बघायचंच टाळतात. डिपस्टिक काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. लेव्हल दोन खुणांच्या मध्ये, शक्यतो वरच्या खुणेच्या जवळ हवी.

लेव्हल कमी असली की उष्णता का वाढते, ते मारुती ८०० मध्ये चांगलं कळतं. ७९६ सीसीच्या त्या तीन सिलेंडरच्या इंजिनात ऑइल मावतं तीन लिटरच्या आसपास. त्यातलं एक लिटर कमी झालं तर तेवढीच उष्णता दोन लिटरने वाहायची. प्रत्येक थेंब जास्त वेळा फिरतो आणि त्याला निवायला वेळ मिळत नाही. उलट वरच्या खुणेपेक्षा जास्त भरलं तर क्रँक त्यात आपटून फेस होतो, आणि फेसाने बेअरिंगला वंगण मिळत नाही. कॅन उघडलाय म्हणून संपवायचा, ही गॅरेजमधली सवय आपल्या गाडीवर चालू देऊ नका.

आता डिपस्टिकच्या टोकाचं ऑइल दोन बोटांत चोळा आणि वास घ्या. चांगलं ऑइल बुळबुळीत लागतं आणि त्याला वास बेताचा असतो. उष्णतेने गेलेल्या ऑइलला करपट, आंबूस वास येतो. पेट्रोलचा वास येत असेल तर कार्ब्युरेटर जास्त पेट्रोल सोडतोय आणि ते ऑइलमध्ये उतरतंय. असं ऑइल गरम व्हायच्या आधीच पातळ झालेलं असतं.

रंगावरून घाईने निष्कर्ष काढू नका. डिझेल गाडीचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं. ती काजळी आहे आणि ती धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. सीएनजी बसवलेल्या गाडीत नेमकं उलट फसायला होतं. गॅसची काजळी जवळजवळ नसते, त्यामुळे ऑइल महिनोन्महिने सोनेरी दिसतं आणि मालक म्हणतो, अजून स्वच्छ आहे, राहू दे. पण आतल्या उष्णतेने ते दिसायला छान असतानाच घट्ट होत गेलेलं असतं. सीएनजी गाडीचं ऑइल किलोमीटर आणि महिने मोजूनच बदला.

घरच्या घरी करण्यासारख्या दोन तपासण्या आहेत. गरम इंजिनमधल्या ऑइलचा एक थेंब टिपकागदावर किंवा कॉफीच्या फिल्टर पेपरवर टाका आणि रात्रभर ठेवा. डाग मधून बाहेरपर्यंत सारखा फिकट होत पसरला तर ऑइलमध्ये अजून जीव आहे. मधोमध डांबरासारखा काळा ठिपका कडेला ठळक रेघ धरून बसला आणि पसरलाच नाही, तर ऑइलची घाण धरून ठेवायची ताकद संपली आहे.

दुसरी तपासणी पाण्याची. स्वयंपाकात पुन्हा वापरणार नाही असं स्टीलचं झाकण घराबाहेर चांगलं तापवा, डोळ्यांवर चष्मा ठेवा आणि त्यावर ऑइलचे फक्त दोन थेंब टाका. तडतड आवाज येऊन बुडबुडे फुटले तर ऑइलमध्ये पाणी आहे. ऑइल भरायच्या झाकणाखाली लोण्यासारखा पांढरट थर दिसतो, त्याचा अर्थ दोन तऱ्हांनी लागतो. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच फिरत असेल तर ते साठलेलं बाष्प असू शकतं आणि लांबच्या फेरीनंतर ते जातं. पण डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ दिसत असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केट (सिलेंडर आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) गेल्याची शक्यता दाट आहे. मग गाडी सुरू न करता मेकॅनिकला बोलवा.

पायरी २: ऑइलच्या आधी कूलिंग नीट करा

गाडी तापते म्हणून दाट ऑइल टाका, असा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. तो लगेच मानू नका. कूलिंग बिघडलेलं असताना कुठलंही ऑइल टाकलं तरी ते खराबच होणार.

रेडिएटरचं झाकण इंजिन पूर्ण थंड असतानाच उघडा. झाकणाचं रबर चिरलेलं नाही ना, स्प्रिंग दाबल्यावर परत येते ना, ते बघा. हे झाकण दाब धरून ठेवतं. ०.९ बारचं झाकण असेल तर साधं पाणीसुद्धा सुमारे ११८ डिग्रीपर्यंत उकळत नाही. रबर गेलं की तेच पाणी शंभरला उकळतं. थोड्या पैशांच्या या झाकणापायी जुन्या गाड्यांची हेडं वाकलेली आहेत.

मग रेडिएटरच्या जाळीत अडकलेली माती, किडे, भुसा इंजिनच्या बाजूने बाहेर, पाण्याचा दाब कमी ठेवून धुवा. कूलंटमध्ये बोअरचं पाणी घालू नका. त्याचा क्षार आतल्या नळ्यांत बसतो आणि रेडिएटर अर्धा बंद होतो. तयार कूलंट किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळलेलं कूलंट वापरा. इलेक्ट्रिक पंखा असेल तर गाडी जागेवर सुरू ठेवा आणि पंखा आपोआप लागतो का ते स्वतः बघा. पंखा बेल्टवर चालणारा असेल तर बेल्ट सैल किंवा चिरलेला नाही ना, ते तपासा. वॉटर बॉडीतून, म्हणजे वॉटर पंपातून, गळती आहे का, तेही त्याच वेळी बघून घ्या.

थर्मोस्टॅटबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथेच जुन्या गाड्यांचं सर्वांत जास्त नुकसान होतं. आपल्याकडे गाडी तापायला लागली की कित्येक गॅरेजांत थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून टाकतात. 'आपल्या हवेत त्याची गरजच नाही,' असं सांगतात. तो काढला की हिवाळ्यात, हायवेवर इंजिन पुरेसं गरमच होत नाही. ऑइल गरम झालं नाही की त्यात उतरलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही, आणि गाळ होतो. म्हणजे उष्णतेपासून वाचवायला गेलो आणि ऑइल दुसऱ्या बाजूने खराब केलं. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढल्यावर बायपासची वाट सतत उघडी राहते, कूलंटचा काही भाग रेडिएटरमध्ये न जाताच परत येतो, आणि घाटात गाडी आधीपेक्षा जास्त तापते.

सेकंडहँड गाडी घेतली असेल तर थर्मोस्टॅट आहे का, हे मेकॅनिकला उघडून दाखवायला सांगा. असेल तर तो दोऱ्याला बांधून पाण्याच्या जुन्या भांड्यात लटकवा आणि पाणी तापवा. ८२ किंवा ८८ असा आकडा त्यावर बहुधा कोरलेला असतो. त्या तापमानाच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे आणि पाणी निवल्यावर पूर्ण मिटला पाहिजे. नसेल तर नवा बसवा.

पायरी ३: ग्रेड निवडा

मॅन्युअल बघा. जुन्या मॅन्युअलमध्ये बाहेरच्या तापमानाप्रमाणे ग्रेडचा तक्ता बऱ्याचदा दिलेला असतो. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत सुरू होण्याबद्दलचा असतो, नंतरचा १०० डिग्रीवरच्या दाटपणाचा. निफाडला पारा पाच अंशांखाली गेला तरी १५डब्ल्यू ऑइल व्यवस्थित फिरतं, त्यामुळे महाराष्ट्रात त्या पहिल्या आकड्याची फार चिंता नको. दुसरा आकडा आपल्या कामाचा. चंद्रपूर, अकोला, जळगावसारख्या ठिकाणी मे महिन्यात ४५ डिग्रीत जुनी गाडी रोज पळणार असेल, तर तक्त्यात चालत असल्यास ३० ऐवजी ४० घ्या.

५० वर उडी मारायची घाई नको. दाट ऑइल सकाळी वर पोहोचायला वेळ लावतं, आणि स्वतःच्याच घर्षणाने बेअरिंगमध्ये जास्त उष्णता तयार करतं. कूलिंग ठीक करूनही गरम इंजिनवर, न्यूट्रलला ऑइलचा लाल दिवा लुकलुकत असेल, तर आधी मेकॅनिककडून गेज लावून प्रेशर मोजून घ्या. झीज खरोखर ठरली, तर मग एक पायरी दाट ऑइलचा विचार करा. हा दिवा प्रेशर अगदी तळाला गेल्यावरच लागतो. तो लागला म्हणजे 'घरी गेल्यावर बघू' ही वेळ टळून गेलेली असते. गाडी तिथेच बंद करायची.

माझं मत विचाराल तर इंजिन बऱ्या स्थितीत असलेल्या जुन्या पेट्रोल गाडीला सेमी-सिंथेटिक ४० ग्रेड परवडतं आणि उष्णतेत मिनरलपेक्षा चांगलं टिकतं. कॅनवरचा एपीआयचा (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा) वर्गही बघा: पेट्रोलसाठी एस अक्षराने सुरू होणारा, डिझेलसाठी सी ने. जुन्या डिझेलला सीएच-४ किंवा सीआय-४ घ्या. सुटं ऑइल घेऊ नका, आणि रिकामा झालेला कॅन गॅरेजमध्ये सोडण्याआधी फोडून टाका, म्हणजे तो बनावट ऑइल भरून परत बाजारात येणार नाही.

पायरी ४: ऑइल बदला

मिनरल ऑइल ५,००० किलोमीटर किंवा सहा महिने, यातलं जे आधी होईल तेव्हा. इंजिन कोमट असताना ड्रेन बोल्ट काढा, ऑइल पूर्ण निथळू द्या. निघालेल्या ऑइलमधून बोट फिरवून उन्हात धरा. चमचमणारे बारीक कण दिसले तर बेअरिंग झिजतंय. फिल्टर दर वेळी नवा, त्याच्या रबराला ऑइल लावून हाताने घट्ट केलेला. भरताना पाव लिटर कमीच भरा, दोन मिनिटं इंजिन चालवा, थांबा, लेव्हल बघून उरलेलं घाला.

आधीच्या मालकाने काय केलं ते माहीत नसेल आणि झाकणाखाली काळा गाळ दिसत असेल, तर फ्लशिंग ऑइल (इंजिन आतून धुवायचं ऑइल) टाकू नका. एकदम सुटलेला गाळ पंपाच्या जाळीत अडकतो आणि वरचा पुरवठा थांबतो. त्यापेक्षा साधं चांगलं ऑइल टाकून ते दीड-दोन हजार किलोमीटरला बदला, असं दोनदा करा. गाळ हळूहळू निघतो. इंजिनातले वायू बाहेर काढणारा ब्रीदर पाइपही साफ करा. तो तुंबला की बॅक कॉम्प्रेशनचे वायू आतच कोंडतात.

पायरी ५: घाटात

कसारा, खंबाटकी किंवा आंबोली, नियम एकच. वरच्या गिअरमध्ये इंजिन घुसमटवत चढू नका. खालचा गिअर घ्या, आरपीएम थोडे वर ठेवा, म्हणजे वॉटर पंप आणि ऑइल पंप दोन्ही जास्त फिरतात. काटा वर सरकायला लागला की एसी बंद, काचा खाली आणि हीटर पूर्ण चालू. मे महिन्यात हीटर लावणं जिवावर येतं, पण तोही एक छोटा रेडिएटरच आहे आणि इंजिनची बरीच उष्णता काढून घेतो. वर पोहोचल्यावर, सगळं ठीक असेल तर, इंजिन दोन मिनिटं जागेवर चालू द्या आणि मग बंद करा. टर्बो डिझेलमध्ये हे चुकवू नका. गरम टर्बोत थांबलेलं ऑइल तिथेच जळून कोळसा होतं.

पायरी ६: गाडी खरंच तापली तर

वाफ दिसली तर लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा. बॉनेट उघडा, निदान अर्धा तास थांबा, रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका, इंजिनवर गार पाणी ओतू नका. ॲल्युमिनियमचं हेड अचानक थंड झालं की वाकतं किंवा तडकतं. एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: कूलंट संपून सेन्सर कोरडा पडला तर काटा चक्क खाली येऊ शकतो. वाफ निघतेय आणि काटा खाली, म्हणजे गाडी निवली असं समजू नका.

थंड झाल्यावर कूलंट आणि डिपस्टिक दोन्ही बघा. ऑइल दुधाळ असेल तर गाडी टो करूनच न्या. दुधाळ नसेल आणि गळतीचं कारण सापडून दुरुस्त झालं असेल, तरीही ऑइल आणि फिल्टर बदला, ते मागच्याच आठवड्यात टाकलेलं असलं तरी. एकदा असं भाजून निघालेल्या ऑइलवर पुढे भरवसा ठेवता येत नाही. दोन-तीन हजार रुपये वाचवायला जाऊन बोअर-पिस्टनच्या कामावर त्याच्या कित्येक पट खर्च होतो.

जुनी बुलेट किंवा हवेवर थंड होणारी दुसरी मोटरसायकल असेल, तर तिथे वाऱ्याबरोबर ऑइललाही थंड करण्याचं मोठं काम करावं लागतं. दर आठवड्याला लेव्हल बघा. जिथे क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, तिथे जासो एमए (अशा मोटरसायकलींच्या ऑइलचा जपानी दर्जा) लिहिलेलंच ऑइल घ्या, कारचं घातलं तर क्लच घसरू शकतो.

काढलेलं ऑइल गटारात, विहिरीजवळ किंवा शेतात ओतू नका. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून ते फासायची जुनी रीत आहे, तीही सोडा, कारण त्यात बेअरिंगमधले धातू आणि ज्वलनातून आलेले विषारी अंश उतरलेले असतात. वापरलेलं ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं. ते रिकाम्या कॅनमध्ये भरून, वापरलेलं ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रियेला देणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे द्या.